सोसायटीच्या टेलिग्रामला स्वतःची बटणपट्टी कशी जोडावी

आमच्या सोसायटीत ५६ सदनिका आहेत आणि सदस्यांचा टेलिग्रामवर एक समूह आहे. मुलुंडमधल्या कुठल्याही सोसायटीच्या समूहावर विचारले जातात तेच प्रश्न तिथेही रोज येत असत: आज पाणी किती वाजता, माझी थकबाकी किती, प्लंबरचा क्रमांक कोणाकडे आहे. उत्तरे देण्याचे काम माझ्याकडे होते. तीच उत्तरे पुन्हा पुन्हा लिहिण्याऐवजी टेलिग्रामच्या खिडकीतच आपली बटणे बसवता येतील का, हे शोधायला मी बसलो. बॉट, म्हणजे आपोआप उत्तरे देणारे टेलिग्राम खाते, आणि त्याला चालवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, यांच्या मदतीने ती बसवता येतात आणि त्यासाठी पैसेही पडत नाहीत. मात्र वाटेत अशा काही जागा आहेत की तिथे माझी एकेक संध्याकाळ गेली. तुमची जाऊ नये म्हणून सगळे क्रमाने लिहीत आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. स्क्रिप्टमधील आज्ञा इंग्रजीतच लिहाव्या लागतात. या लेखात मी त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत. नेमक्या स्पेलिंगसाठी टेलिग्रामच्या बॉट एपीआयचे (बॉटला देता येणाऱ्या आज्ञांच्या यादीचे) अधिकृत पान शेजारी उघडे ठेवा, आणि गूगलच्या आज्ञांसाठी ॲप्स स्क्रिप्टचे (गूगलच्या स्क्रिप्ट लिहिण्याच्या सोयीचे) पान. तिथे त्या त्या नावाची नोंद शोधली की सापडते.

काय काय लागेल

- टेलिग्रामचे खाते आणि ते चालू असलेला फोन
- सोसायटीच्या नावाने उघडलेले गूगल खाते (स्वतःचे वैयक्तिक खाते वापरू नका; कारण शेवटच्या पायरीत दिले आहे)
- गूगल शीट, म्हणजे सदनिकांची यादी, थकबाकी, पाण्याच्या वेळा आणि उपयोगी क्रमांक ठेवण्याची जागा
- संगणक किंवा लॅपटॉप. स्क्रिप्ट फोनवर लिहिण्याचा प्रयत्न करू नये
- जावास्क्रिप्टची तोंडओळख: चल (व्हेरिएबल), फंक्शन, जर-तर आणि यादी एवढे समजत असेल तर पुरते
- सोसायटीच्या व्यवस्थापक समितीची लेखी संमती, कारण सदस्यांचे फोन क्रमांक तुमच्या शीटमध्ये येणार आहेत

१. आधी प्रश्न मोजा, मग बटणे ठरवा

समूहातील मागील दोन महिन्यांचे संदेश वाचून काढा आणि कोणता प्रश्न किती वेळा आला याच्या खुणा कागदावर करा. मी सुरुवातीला ही पायरी गाळली आणि सुचतील तशी १४ बटणे केली. त्यातली बहुतेक कोणी दाबलीच नाहीत. मोजणी केल्यावर पाच बटणे उरली: पाण्याची वेळ, थकबाकी, तक्रार नोंद, भाडेकऱ्यांची नोंद आणि उपयोगी क्रमांक. पावसाळ्यात सहावे जोडतो, भरतीच्या वेळा. साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवसांची यादी महापालिका पावसाळ्यापूर्वी जाहीर करते. ती शीटमध्ये एकदा भरून ठेवली की त्या दिवशीची वेळ बटण दाबताच मिळते, आणि त्याच उत्तराखाली महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६ हा क्रमांकही दिसतो.

२. पट्टीचे दोन प्रकार नीट ओळखा

टेलिग्रामने बॉटची सोय २०१५ मध्ये सुरू केली आणि आज बॉटला दोन तऱ्हांची बटणे दाखवता येतात. नवशिक्यांचा सर्वाधिक गोंधळ याच दोघांमध्ये होतो, म्हणून जरा थांबून पाहू.

पहिला प्रकार म्हणजे रिप्लाय कीबोर्ड. टंकलेखनाच्या चौकटीखाली, एरवी जिथे अक्षरांचा कीबोर्ड येतो तिथे ही पट्टी बसते. तिच्यावरचे बटण दाबले की बटणावरचा मजकूर सदस्याने स्वतः लिहिलेल्या संदेशासारखा पाठवला जातो. बॉटला वेगळा असा काही इशारा मिळत नाही. त्याला फक्त ‘पाण्याची वेळ’ हे शब्द मिळतात.

दुसरा प्रकार म्हणजे इनलाइन कीबोर्ड. ही बटणे एखाद्या विशिष्ट संदेशाच्या खाली चिकटलेली असतात. ती दाबल्यावर गप्पांमध्ये कोणताही संदेश उमटत नाही. बॉटकडे मात्र त्या बटणामागे दडवलेला छोटा मजकूर, म्हणजे कॉलबॅक डेटा, गुपचूप पोहोचतो.

माझा अनुभव असा की रोज लागणारी पाच-सहा बटणे रिप्लाय कीबोर्डवर ठेवावीत आणि पुढची निवड, उदाहरणार्थ तक्रार पाण्याची की लिफ्टची, इनलाइन बटणांनी विचारावी. सगळेच इनलाइन केले तर पट्टी जुन्या संदेशांबरोबर वर सरकत जाते आणि ज्येष्ठ सदस्यांना ती पुन्हा सापडत नाही.

३. बॉटची नोंद करा

टेलिग्राममध्ये बॉटफादर हे खाते शोधा. नावापुढे निळी पडताळणीची खूण असलेलेच खरे. त्याला ‘न्यूबॉट’ ही आज्ञा द्या. तो आधी दर्शनी नाव विचारतो, जे मराठीत चालते, आणि मग वापरकर्ता-नाव विचारतो, जे इंग्रजी अक्षरांत आणि शेवटी ‘बॉट’ असलेलेच लागते. त्यानंतर तो एक लांबलचक टोकन देतो.

हे टोकन म्हणजे घराची किल्ली आहे. ज्याच्या हाती ते पडेल त्याला तुमच्या बॉटच्या नावाने सदस्यांना काहीही पाठवता येईल. त्यामुळे त्याचा स्क्रीनशॉट समूहात टाकू नका आणि ते स्क्रिप्टच्या ओळींमध्येही लिहू नका. चुकून कोणाला दिसलेच तर बॉटफादरला ‘रिव्होक’ आज्ञा देऊन ताबडतोब नवे घ्या. जुने त्याच क्षणी निकामी होते.

४. शीट आणि स्क्रिप्टची जोडणी

शीटमध्ये चार पाने करा: सदस्य, उत्तरे, तक्रारी आणि नोंदवही. ‘उत्तरे’ या पानावर पहिल्या स्तंभात बटणाचे नाव आणि दुसऱ्यात त्याचे उत्तर असावे. शीटच्या विस्तार-मेनूतून ॲप्स स्क्रिप्ट उघडा, प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये स्क्रिप्ट प्रॉपर्टीज हा भाग शोधा आणि टोकन तिथे ठेवा. स्क्रिप्ट ते तिथूनच वाचेल.

पहिल्यांदा चालवताना गूगल परवानगी मागते आणि ‘या ॲपची पडताळणी झालेली नाही’ असा इशारा दाखवते. स्क्रिप्ट तुमचीच असल्यामुळे प्रगत पर्यायावर जाऊन पुढे जाता येते. दुसऱ्या कोणाची तयार स्क्रिप्ट उचलून चिकटवली असेल तर मात्र तिची प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय ही परवानगी देऊ नका.

‘नोंदवही’ हे पान कशासाठी, असे वाटेल. टेलिग्रामकडून निनावी (गूगलमध्ये लॉगिन न करता) येणाऱ्या विनंत्या हाताळताना स्क्रिप्टमधील लॉगच्या (कामाच्या नोंदींच्या) ओळी संपादकात सहसा दिसत नाहीत आणि आपण अंधारात चाचपडत राहतो. म्हणून आलेली प्रत्येक विनंती आणि टेलिग्रामने दिलेले प्रत्येक उत्तर या पानावर एकेका ओळीत लिहवून घ्या. काम स्थिरावल्यावर हे लेखन बंद करून पान रिकामे करा, कारण त्यात सदस्यांचे संदेश असतात.

५. पट्टी मांडणे

पट्टी म्हणजे ओळींची यादी आणि प्रत्येक ओळ म्हणजे बटणांची यादी. स्क्रिप्टमध्ये याचा अर्थ चौकटी कंसाच्या आत पुन्हा चौकटी कंस. एकच ओळ असली तरी दोन्ही कंस लागतात. आतला कंस विसरणे ही पहिल्या दिवशीची हमखास चूक आहे.

एका ओळीत दोनच बटणे ठेवा. तीन ठेवली की मोठा फॉन्ट लावलेल्या फोनवर ‘भाडेकऱ्यांची नोंद’ अर्ध्यावर कापले जाते. ‘रिसाइझ कीबोर्ड’ हा गुण खरा (ट्रू) करा, नाहीतर बटणे पूर्ण कीबोर्डाएवढी उंच होऊन अर्धा पडदा व्यापतात. ‘इज पर्सिस्टंट’ हाही खरा ठेवा म्हणजे पट्टी दडून बसत नाही. ‘वन टाइम कीबोर्ड’ मात्र लावू नका. एकदा दाबल्यावर पट्टी मिटते आणि ‘बटणे गेली’ म्हणून तुम्हाला फोन येऊ लागतात.

संदेश पाठवताना ॲप्स स्क्रिप्टच्या यूआरएल फेच सेवेला (ती बाहेरच्या पत्त्यावर विनंती पाठवते) दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात: मजकुराचा प्रकार जेसन (माहिती मांडण्याची एक ठरावीक पद्धत) आहे हे, आणि संपूर्ण मजकूर जेसनच्या स्ट्रिंगमध्ये रूपांतरित केलेला आहे हे. यातले एक राहिले तर संदेश जातो पण पट्टी येत नाही, किंवा दोन्ही अडतात. शिवाय ‘म्यूट एचटीटीपी एक्सेप्शन्स’ खरे करून ठेवा म्हणजे चूक झाल्यास टेलिग्रामने दिलेले कारण तुम्हाला नोंदवहीत वाचता येईल.

आता मराठीपुरती असलेली अडचण. ‘भाडेकऱ्यांची’ या शब्दातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-संकेतांत, दोन प्रकारे लिहिला जातो: एकच अखंड अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याला नुक्ता (खालचा ठिपका) जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण स्क्रिप्टच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द असतात. बटणाचे नाव मी फोनवरून शीटमध्ये भरले होते आणि तुलनेची ओळ लॅपटॉपवर टंकित केली होती. परिणामी बाकी सगळी बटणे चालत होती आणि हे एकच मुके होते. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करा. एक, बटणाचे नाव फक्त ‘उत्तरे’ या पानावर लिहा. पट्टीही तिथूनच बनू द्या आणि तुलनाही त्याच्याशीच होऊ द्या. दुसरा, तुलनेपूर्वी दोन्ही बाजूंचा मजकूर ‘नॉर्मलाइझ’ या फंक्शनमधून काढा, त्यात एनएफसी हा (अशी दोन रूपे एकसारखी करणारा) प्रकार निवडा आणि मागेपुढे राहिलेली मोकळी जागाही छाटा.

अंकांचेही असेच आहे. कोणी सदनिका क्रमांक ‘३०४’ असा देवनागरीत लिहील, कोणी इंग्रजी अंकांत. जावास्क्रिप्ट देवनागरी अंकांना संख्या मानत नाही. आलेल्या मजकुरातील दहाही अंक आधी इंग्रजी अंकांत बदलून घेणारे छोटे फंक्शन सुरुवातीलाच लिहून ठेवा.

६. इनलाइन बटणे आणि ६४ बाइटची मर्यादा

इनलाइन बटणामागचा कॉलबॅक डेटा जास्तीत जास्त ६४ बाइटचा असू शकतो. मर्यादा अक्षरांची नाही, बाइटची आहे, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘देखभाल शुल्क थकबाकी’ हे ५३ बाइट होतात आणि बसतात. त्याला ‘पाहा’ जोडले की ६६ होतात आणि टेलिग्राम ‘बटन डेटा इनव्हॅलिड’ असे सांगून संपूर्ण संदेशच नाकारतो. एका बटणाच्या दोन बाइटसाठी बाकीची बटणेही दिसत नाहीत, त्यामुळे दोष कुठे आहे हे कळायला वेळ लागतो. कॉलबॅक डेटामध्ये मराठी लिहूच नका. तिथे दोन-तीन इंग्रजी अक्षरे आणि एक क्रमांक असा संकेत ठेवा; बटणाच्या दर्शनी भागावर मराठी हवे तेवढे नांदू दे.

बटण दाबले गेल्यावर बॉटने ‘आन्सर कॉलबॅक क्वेरी’ ही आज्ञा पाठवलीच पाहिजे, उत्तर काही द्यायचे नसले तरी. ती पाठवली नाही तर बटणावर काम चालू असल्याची खूण फिरत राहते आणि सदस्य तेच बटण पुन्हा पुन्हा दाबतो. तक्रारींच्या पानावर लिफ्टची एकच तक्रार चार वेळा नोंदलेली मी पाहिली आहे आणि कारण हेच होते. ही आज्ञा फंक्शनच्या शेवटी न ठेवता अगदी पहिल्या ओळीत ठेवा.

७. वेबहूक जोडणे

वेबहूक म्हणजे नवा संदेश आला की टेलिग्रामने तो ज्या पत्त्यावर कळवायचा तो तुमच्या स्क्रिप्टचा पत्ता. त्यासाठी स्क्रिप्टमध्ये ‘डूपोस्ट’ नावाचे फंक्शन लिहा. टेलिग्राम प्रत्येक संदेश त्याच्याकडे टाकते. मग डिप्लॉय करताना (स्क्रिप्ट वेबवर चालू करताना) वेब ॲप हा प्रकार निवडा, ‘माझ्या नावाने चालवा’ आणि ‘कोणालाही प्रवेश’ हे पर्याय ठेवा. गूगल जो पत्ता देते त्याच्या शेवटी ‘एक्झेक’ असावे. ‘डेव्ह’ने संपणारा पत्ता फक्त लॉगिन केलेल्या संपादकासाठी असतो, तो टेलिग्रामला दिला तर काहीच पोहोचत नाही.

हा पत्ता टेलिग्रामला कळवण्यासाठी ‘सेट वेबहूक’ ही आज्ञा असते. ती ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत टाकण्याचा सल्ला अनेकजण देतात, पण मग टोकन ब्राउझरच्या इतिहासात राहते. त्यापेक्षा स्क्रिप्टमध्येच एक लहान फंक्शन लिहून ते एकदा चालवा.

या पायरीवर चार सापळे आहेत.

पहिला सापळा आवृत्तीचा आहे. स्क्रिप्ट बदलून जतन केली म्हणजे वेब ॲप बदलते असे नाही. डिप्लॉयमेंटचे व्यवस्थापन उघडून, आहे तेच डिप्लॉयमेंट संपादित करून तिथे नवी आवृत्ती निवडावी लागते. ‘नवे डिप्लॉयमेंट’ केले तर पत्ताच बदलतो, टेलिग्राम जुन्या पत्त्यावर जुनीच स्क्रिप्ट चालवत राहते आणि आपण केलेली दुरुस्ती कुठेच दिसत नाही. माझ्या वाया गेलेल्या संध्याकाळींपैकी सर्वांत मोठी यातच गेली.

दुसरा सापळा उत्तराचा आहे. ‘डूपोस्ट’ने ॲप्स स्क्रिप्टमधील कंटेंट सर्व्हिस वापरून उत्तर परत केले तर गूगल त्यासाठी दुसऱ्या पत्त्याकडे वळवते. टेलिग्रामला हे वळण मान्य नसते. संदेश पोहोचला नाही असे समजून ते तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवते आणि सदस्याला तेच उत्तर दर काही वेळाने मिळत राहते. त्याऐवजी तिथल्याच एचटीएमएल सर्व्हिसने कोरे उत्तर परत करा. जोडीला प्रत्येक संदेशासोबत येणारा ‘अपडेट आयडी’ कॅशमध्ये (स्क्रिप्टच्या तात्पुरत्या साठ्यात) जपून ठेवा आणि तोच पुन्हा आला तर काही न करता परत फिरा.

तिसरा सापळा सुरक्षिततेचा आहे. विनंती खरोखर टेलिग्रामकडून आली हे तपासण्यासाठी टेलिग्राम हेडरमध्ये (विनंतीच्या माथ्यावरील माहितीत) एक गुप्त शब्द पाठवू शकते, परंतु ॲप्स स्क्रिप्टला हेडर वाचता येत नाहीत. म्हणून वेबहूकच्या पत्त्यालाच एक लांब, अंदाज न लागणारा शब्द पॅरामीटर म्हणून जोडा आणि तो जुळला तरच पुढे जा.

चौथा, साचलेल्या संदेशांचा. स्क्रिप्ट बिघडलेली असताना आलेले संदेश टेलिग्राम २४ तासांपर्यंत सांभाळून ठेवते आणि दुरुस्ती होताच सगळे एकदम ओतते. वेबहूक पुन्हा जोडताना ‘ड्रॉप पेंडिंग अपडेट्स’ खरे केले तर ते पुसले जातात. किती साचले आहेत आणि शेवटची चूक कोणती, हे ‘गेट वेबहूक इन्फो’ सांगते. काही अडले की आधी तिथेच पाहायचे.

८. सदस्य कोण आहे हे ओळखणे

पाण्याची वेळ कोणालाही सांगता येते, थकबाकी नाही. त्यासाठी रिप्लाय कीबोर्डवर ‘माझा क्रमांक कळवा’ असे एक विशेष बटण ठेवा, ज्यात ‘रिक्वेस्ट कॉन्टॅक्ट’ खरे असते. ते फक्त वैयक्तिक गप्पांमध्येच चालते. सदस्याने संमती दिली की त्याचा फोन क्रमांक बॉटकडे येतो आणि तो ‘सदस्य’ पानावरील क्रमांकाशी जुळवता येतो. क्रमांकाच्या पुढे कधी अधिक चिन्ह असते, कधी नसते. म्हणून दोन्हीकडचे शेवटचे १० अंकच जुळवा.

मात्र एवढ्यावर विश्वास ठेवू नका. टेलिग्राममध्ये कोणीही दुसऱ्याचा संपर्क जोडपत्र म्हणून पाठवू शकतो, आणि बेसावध स्क्रिप्ट शेजाऱ्याची थकबाकी दाखवून मोकळी होते. संपर्कासोबत येणारा ‘यूझर आयडी’ आणि संदेश पाठवणाऱ्याचा आयडी एकच असेल तरच ओळख पटली असे धरा. जुळल्यावर तो आयडी शीटमध्ये सदनिकेपुढे लिहून ठेवला की पुन्हा विचारावे लागत नाही. सोसायटीच्या माणसांमध्ये थकबाकीवरून किती कटुता येऊ शकते हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून ही तपासणी झाल्याशिवाय ते बटण सुरूच करू नये असे माझे ठाम मत आहे.

९. समूहात आणणे

बॉट आपण होऊन कोणालाही पहिला संदेश पाठवू शकत नाही. सदस्यानेच ‘स्टार्ट’ दाबावे लागते. त्यामुळे समूहात एक संदेश पिन करा आणि त्याखाली बॉटच्या वैयक्तिक गप्पांकडे नेणारे एक इनलाइन बटण ठेवा. पट्टी तिकडेच दिसू दे. समूहात बॉटला व्यवस्थापक करू नका; साधा सदस्य असताना खासगीपणाच्या मूळ सेटिंगमुळे त्याला सर्वांच्या गप्पा वाचता येत नाहीत, आणि ते तसेच राहणे योग्य आहे.

ज्येष्ठ सदस्यांसाठी मी एका रविवारी सकाळी सोसायटीच्या कार्यालयात दोन तास बसलो. तळमजल्यावरच्या एका काकूंनी पट्टी कुठे गेली म्हणून विचारले. त्यांच्या फोनवर अक्षरांचा कीबोर्ड उघडा होता. टंकलेखनाच्या चौकटीत चार चौकोनांचे छोटे चिन्ह असते, ते दाबले की पट्टी परत येते, हे प्रत्येकाला प्रत्यक्ष दाखवावे लागते. लिहून सांगितलेले उपयोगी पडत नाही.

१०. पुढच्याच्या हाती सोपवणे

समिती बदलते, माणसे घर बदलतात. बॉट तुमच्या वैयक्तिक टेलिग्राम खात्यावर आणि शीट तुमच्या गूगल खात्यावर राहिली तर तुमच्याबरोबर पट्टीही जाते. शीट आणि स्क्रिप्ट सुरुवातीपासून सोसायटीच्या गूगल खात्यावर ठेवा. बॉटची मालकी बॉटफादरमधून दुसऱ्याला देता येते, पण त्यासाठी तुमच्या टेलिग्रामवर द्विस्तरीय पडताळणी आधीपासून सुरू असावी लागते. ती आजच सुरू करा. मालकी दिल्यावर नव्या व्यक्तीने टोकन रद्द करून नवे घ्यावे, ते स्क्रिप्ट प्रॉपर्टीजमध्ये बदलावे आणि वेबहूक जोडणारे फंक्शन पुन्हा एकदा चालवावे. हा क्रम शीटच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. बॉटचे वापरकर्ता-नाव आणि स्क्रिप्ट कुठे आहे हेही तिथेच लिहा, टोकन मात्र लिहू नका.